आधी रॅम्प, मग मनोरा

बंधुभगिनींनो, नवं चर्च बांधायचं ठरलं की पंचांच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो: किती माणसं बसतील? माझी विनंती आहे, त्याआधी आठवड्याचे सात दिवस कागदावर मांडा. रविवारची उपासना दोन तासांची. बाकीचे दिवस? प्रार्थनासभा, महिला मंडळ, परीक्षेच्या दिवसांत वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका. शेजाऱ्यांची सेवा हे मंडळीचं, म्हणजे चर्चच्या सभासदांचं, ध्येय असेल आणि इमारतीला सहा दिवस कुलूप राहणार असेल, तर तो नकाशा परत पाठवा. जमिनीत पक्की केलेली बाकं सभागृहाला रविवारपुरतं बांधून टाकतात. हलत्या खुर्च्या घ्या; वाटा धरून माणशी आठ ते दहा चौरस फूट धरा. भजनाला सतरंजीवर पाच-सहा फुटांत भागतं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तन उपासनेत रुजवलं, तरी आपले नकाशे अजून बाकांचेच!

आता सांगलीचा खरा पेच. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. म्हणून जोतं उंच हवं, हे बरोबरच. पण जोतं तीन फूट चढलं की एकास बारा उताराने ३६ फूट रॅम्प लागतो, शिवाय खाली, वर आणि मधल्या वळणावर पाच-पाच फूट सपाट जागा. हा रॅम्प मागाहून घुसवला की एकास सहाचा होतो. पावसात पाय घसरतो, आणि चाकाच्या खुर्चीतल्या आजीला चौघांना उचलावं लागतं. दारावर ‘सर्वांचं स्वागत’ लिहून हे चालणार नाही. म्हणून प्लॉटवर आधी रॅम्प आखा, उरलेल्या जागेत सभागृह बसवा.

सखल भागात तीन फुटांचं जोतंही पुरत नाही. बाप्तिस्मा-विवाहाच्या नोंदवह्या आणि विजेचं बोर्ड वरच्या मजल्यावर हवं. पुरात लोकांना आसरा द्यायचा असेल तर पाणी आणि संडासही वरच हवेत. जागा घेण्याआधी निळी पूररेषा, म्हणजे जिच्या आत नदीकडे बांधकामाला मनाई असते ती रेषा, तपासा. काळ्या मातीत पाया मुरमापर्यंत न्या. नाहीतर माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतींना तिरक्या भेगा पडतात.

मनोऱ्याला देणगीदार मिळतो, स्वच्छतागृहाला मिळत नाही. म्हणून पहिली पावती फाडण्याआधीच ठराव करा: देणगी सामाईक बांधकाम निधीत जाईल, कोणत्या कामावर खर्च करायची ते मंडळी ठरवेल. टप्पे असे पाडा की प्रत्येक टप्पा संपला की तेवढी जागा वापरता येईल. स्लॅबवर पैसे संपले तर बाहेर आलेल्या सळया गंजत राहतात. अंदाजपत्रकावर दहा टक्के राखीव ठेवा. शेतकरी कुटुंबांचे हप्ते उसाच्या बिलाला धरून मागा, पगारदारांचे महिन्याला. नोंदणीकृत न्यासाला कर्ज काढायचं तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम ३६अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. ती हातात येईपर्यंत ठेकेदाराला शब्द देऊ नका.

दर तिमाहीला पंचांनी मंडळीपुढे दोन आकडे वाचावेत: बांधकामावर किती गेले, आणि विधवा, आजारी, शिकणारी मुलं यांच्यावर किती. दुसरा आकडा बांधकामाआधीच्या वर्षापेक्षा खाली आला, तर मनोऱ्याचं काम तिथेच थांबवा.