पौंड, पाळी आणि हजार: शहरातल्या बायकांची अर्धवेळ कामं

श्रोतेहो, नमस्कार.

1930 ते 1966 या काळात मुंबई आणि सोलापुरातल्या बायका जी अर्धवेळ कामं करत होत्या, त्यांबद्दल आज बोलायचं आहे. चार तासांची नोकरी, ठरलेला पगार, असं काही तेव्हा कुणी त्यांना लिहून देत नव्हतं. काम अर्धं व्हायचं ते वेगवेगळ्या वाटांनी. कुणाला महिन्यातले दहा-बारा दिवसच बदली, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी काम, मिळायची, कुणी घरी बसून नगावर काम करायची, कुणी स्वयंपाक आटोपून उशिरा कामावर जायची. आणि प्रत्येक कामाचं माप वेगळं होतं. कुठे पौंड, कुठे हजार, कुठे किलो, कुठे हजेरीचे दिवस. ते माप कुणाच्या हातात होतं, हे पाहिलं की या बायकांच्या हाती कमी पैसा का पडायचा ते कळतं. म्हणून मापापासूनच सुरुवात करू.

मुंबईच्या कापड गिरण्यांत बायका मुख्यतः दोन खात्यांत असायच्या, वायंडिंग आणि रिलिंग. 1920 च्या दशकात गिरणीतल्या साधारण पाच कामगारांत एक बाई होती. वायंडिंगमध्ये कताईच्या बॉबिनवरचं सूत शंकूसारख्या मोठ्या कोनावर गुंडाळायचं. गुंडाळताना सुतातल्या जाड गुठळ्या काढायच्या, तुटलेला धागा लहान गाठ मारून जोडायचा. गाठ मोठी झाली तर ती पुढे मागाच्या फणीत अडकते आणि ताणा तुटतो, म्हणून गाठीवर नजर असायची. रिलिंगमध्ये सुताच्या लच्छ्या करायच्या. या लच्छ्या हातमागवाल्यांकडे आणि परदेशी जायच्या.

रिलिंगचं काम जरा जवळून पाहण्यासारखं आहे. रिळाचा घेर दीड वार, म्हणजे 54 इंच. 80 फेरे झाले की 120 वार सूत होतं, त्याला ली म्हणत. अशा 7 ली मिळून एक लच्छी, 840 वारांची. म्हणजे एका लच्छीला 560 फेरे. एका रिळावर एका वेळी पुष्कळ लच्छ्या शेजारी शेजारी भरत असतात. त्यांपैकी एकाचा धागा तुटला आणि बाईच्या लक्षात आलं नाही, तर बाकीच्या पुऱ्या होतात आणि ती एक आखूड राहते. लच्छ्या पुऱ्या झाल्या की प्रत्येकीच्या ली वेगळ्या राहाव्यात म्हणून त्यांत दोरा गुंफून बांधायचा आणि रीळ मिटवून लच्छ्या एका टोकाने ओढून काढायच्या. दोरा नीट गुंफला नाही, तर रंगाऱ्याकडे पोचेपर्यंत सगळा गुंता. मग 10 पौंडांचे गठ्ठे बांधले जायचे.

आता मजुरीचा हिशेब. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात किती लच्छ्या बसतात तो आकडा. 20 नंबरच्या सुताच्या 10 पौंडी गठ्ठ्यात 200 लच्छ्या, 40 नंबरच्या गठ्ठ्यात 400. वजन तेच, पण काम दुप्पट. शिवाय बारीक सूत जास्त तुटतं. त्यामुळे दर नंबरानुसार बदलायलाच हवा आणि तक्त्यात तो बदलायचाही. पण एकाच नंबरच्या सुतातही चांगलं-वाईट असतं. कापसाची मिसळण हलकी असली, खात्यातली हवा कोरडी पडली, तर धागा सारखा तुटतो. मिसळण ठरवणारा वेगळा, हवेत ओल ठेवणारा वेगळा, आणि तुटलेल्या प्रत्येक धाग्याचा वेळ जायचा तो या बाईचा. हा वेळ मोजायला तक्त्यात रकानाच नव्हता. नगावरच्या मजुरीतला खरा अन्याय इथे आहे असं मला वाटतं. दर कमी-जास्त होणं त्यामानाने उघड असतं, त्यावर भांडता तरी येतं.

चांगलं सूत कुणाला आणि तुटकं कुणाला, हे नायकीण ठरवायची. बायकांच्या खात्यात ती जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, जागी असे. कामावर घेणं, रीळ देणं, खाडा झाला तर चालवून घेणं, सगळं तिच्या हाती. तिला दस्तुरी द्यावी लागायची. मजुरांविषयीच्या रॉयल कमिशनचा 1931 चा अहवाल या लाचखोरीबद्दल स्पष्ट बोलतो. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर वायंडिंग-रिलिंगच्या बायकांना स्वयंपाक उरकून थोडं उशिरा यायची आणि लवकर जायची मुभा जुन्या वहिवाटीने होती. मजुरी पौंडावर असल्याने मालकाला त्याची फारशी झळ नव्हती. त्या काळातली खरीखुरी अर्धवेळ नोकरी म्हणायची तर ही. पण तिला कागदाचा आधार नव्हता. नायकिणीची मर्जी फिरली की मुभाही जायची.

1935 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांसाठी कार्डं सुरू केली. ठरावीक लोकांना महिन्याच्या सुरुवातीला बदली कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर राहायचं आणि कायम कामगार आला नाही तर रिकामी जागा याच लोकांतून भरायची. भरती जॉबर-नायकिणींच्या हातून काढून घ्यावी हा हेतू चांगला होता. पण बदलीवाल्या बाईची सकाळ कशी जायची ते पाहा. पहिली पाळी सातची. त्याआधी भाकऱ्या थापून, पोरांचं करून दारावर पोचायचं. जागा नसली तर परत. त्या फेरीचे पैसे नाहीत आणि तो दिवस हजेरीतही नाही.

हजेरीचे दिवस पुढे फार मोलाचे ठरले. 1953 मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली. ले-ऑफ आला, म्हणजे काम नाही म्हणून मालकाने तात्पुरतं घरी बसवलं, तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळायची तरतूद झाली. त्यासाठी एक वर्षाची सलग नोकरी हवी आणि वर्ष म्हणजे 12 महिन्यांत 240 दिवस प्रत्यक्ष काम. बाळंतपणाची रजा 12 आठवड्यांपर्यंत त्यात धरली जायची, ही चांगली गोष्ट. दारावर येऊन परत गेलेले दिवस मात्र धरले जात नव्हते. बदली कामगाराला तर हे वर्ष पुरं होईपर्यंत भरपाईच नव्हती. महिन्याला दहा-बारा दिवस मिळणाऱ्या बाईचे वर्षाला दीडशेसुद्धा भरत नाहीत. 240 चा आकडा ती कधी गाठणार?

आणि याच सुमाराला बायकांची खाती आटत चालली होती. त्याला तीन कारणं होती आणि ती एकमेकांत गुंतलेली होती. चीनला जाणारं सूत आधीच कमी झालं होतं, त्यामुळे रिलिंगही कमी झालं होतं. वायंडिंगची वेगवान यंत्रं आली, ती एका पाळीत चालवणं मालकाला परवडेना. आणि 1948 च्या कारखाना कायद्यानुसार बायकांना सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळातच काम देता येत होतं. गिरणीच्या पाळ्या होत्या सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा आणि बारा ते सात. दुसरी पाळी रात्री बाराला सुटते, म्हणजे बायकांना ती बंद. मग दोन पाळ्यांच्या यंत्रावर पुरुष घेणं मालकाला सोयीचं झालं. रात्रीची बंदी बायकांच्या भल्यासाठी होती आणि ती चूक होती असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या पाळीतून काढताना त्यांना पहिल्या पाळीत जागा राखून द्यायला हवी होती, ते कुणी केलं नाही. साठच्या दशकापर्यंत गिरणीत दहा कामगारांत एकसुद्धा बाई उरली नाही.

बाळंतपणाचा खर्च हेही मालकांचं एक कारण होतं. 1929 च्या मुंबईच्या कायद्याने तो भत्ता मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचा होता. या विधेयकावर 1928 मध्ये विधिमंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते उचलून धरलं होतं. बाळंतपणात आईला मिळणाऱ्या या विश्रांतीत राष्ट्राचं हित आहे आणि भाराचा मोठा वाटा सरकारने घ्यायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. मुंबईत 1954 मध्ये कामगारांसाठीची राज्य विमा योजना (ESI) आली आणि भत्ता वर्गणीच्या निधीतून मिळू लागला. ज्या मधल्या वर्षांत तो एकट्या मालकावर होता, त्या वर्षांत पोट दिसू लागलेल्या बाईला कामावरून कमी करणं फार सोपं होतं. बदलीवालीला तर कमी करावंही लागत नसे, नुसतं कार्ड पुढे द्यायचं नाही.

औषधांच्या कारखान्यांत लेबलं लावणं आणि पॅकिंग ही बायकांची खाती. तिथे एका कंपनीचा नियमच होता की लग्न झालं की नोकरी संपली. कंपनी म्हणायची, काम गटाने चालतं आणि लग्न झालेल्या बायका जास्त गैरहजर राहतात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1965 मध्ये न्यायालयाने हा नियम मोडीत काढला. बाळंतपणाच्या रजेमुळे माणसं कमी पडत असतील तर रजेच्या जागी काम करायला थोड्या जादा बायका ठेवा, असं न्यायालयाने सुचवलं. गिरणीला जे बदलीच्या पद्धतीतून नीट साधता आलं असतं, तेच हे.

गिरणीतून बाहेर पडलेल्या बायकांपुढे खानावळ हा एक मार्ग होता. कोकणातून आणि घाटावरून आलेले एकटे पुरुष चाळीत राहायचे, त्यांना दोन वेळचं जेवण घालायचं. यात पैसा अडकायचा तो तारखांमध्ये. पगार वाटपाच्या 1936 च्या कायद्यानुसार हजारावर कामगार असलेल्या गिरणीने पगार 10 तारखेपर्यंत द्यायचा. म्हणजे खाणाऱ्याचे पैसे त्यानंतर येणार आणि पीठ, तेल, डाळ मात्र एक तारखेपासून लागणार. मग वाण्याकडे उधारी आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा. पाळ्या वेगळ्या म्हणून एकाच दिवशी जेवणाच्या तीन वेळा. 1950 च्या बोनसच्या संपात गिरण्या दोन महिने बंद होत्या. संपकरी जेवत राहिले ते या बायकांच्या उधारीवर. या बाईला मालक नाही, हजेरी नाही, म्हणून कुठल्याच कामगार कायद्यात ती बसत नव्हती.

गिरगावात 15 मार्च 1959 ला सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ती पुढे लिज्जत म्हणून वाढली. इथे माप किलोचं. पीठ केंद्रावर मळायचं, बायकांनी ते घरी न्यायचं, लाटून-वाळवून पापड परत आणायचे, वजन करून मजुरी घ्यायची. वाळताना पाणी जातं, त्यामुळे पापडाचं वजन नेलेल्या पिठापेक्षा कमी भरायलाच हवं. फारच थोडं कमी भरलं तर पापड ओले आहेत, त्यांना बुरशी येईल. फार घटलं तर पीठ कुठेतरी गेलं. कडा जाड राहिल्या की तिथे ओल धरते. लाटताना कोरडं पीठ जास्त लावलं की तळताना ते तेलात जळतं. पहिल्याच वर्षी पावसाने चार महिने काम बंद पाडलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह, आणि पावसाळ्यातही मजुरी सुरू. मापाचा तराजू बायकांच्याच हातात असल्याने ही अडचण त्यांनी स्वतः सोडवली. मालकाने पावसाळ्यात सरळ काम बंद ठेवलं असतं.

आता सोलापूर. तिथे नवरा मागावर आणि बायको विडीवर, असं कितीतरी घरांत होतं. विडीचं माप हजाराचं. तेंदूची पानं भिजवून मऊ करायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने चौकोनी तुकडे कापायचे. शीर जाड असलेला भाग टाकायचा, नाहीतर वळताना पान फुटतं. तुकड्यात जर्दा, म्हणजे विडीचा तंबाखू, सारखा पसरून वळायचं, तोंड मुडपायचं, दोऱ्याने बांधायचं. 25-25 च्या जुड्या केल्या तर हजाराच्या 40 जुड्या. हजार विड्यांना जर्दा साधारण पाव किलोच्या आसपास लागतो. पुडीत दिलेली पानं जुनी, फाटकी निघाली तर हजार भरत नाहीत आणि कमी पडणारी पानं बाई पदरच्या पैशाने घेते. दोरा बांधायला आणि तोंडं मुडपायला मुलं हाताशी लागतात. म्हणून वहीत एका बाईच्या नावावर पडलेला हजार पुष्कळदा तीन माणसांचा असतो.

शेवटी छाट. आणलेल्या विड्या कारखान्यात पसरून बघायच्या, आखूड, सैल, फुटक्या बाजूला काढायच्या, त्यांची मजुरी द्यायची नाही. काही ठिकाणी त्या विड्या परतही देत नसत.

1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं आणि कच्चा माल व छाट यांवरून तंटा झाला तर तो सोडवायची सोय केली. त्यावर मालकांनी वाट शोधली. पान-जर्दा बाईला 'विकायचा' आणि विड्या तिच्याकडून 'विकत' घ्यायच्या, म्हणजे नोकरीचं नातंच नको. कायदा घटनेला धरून आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये सांगितलं. 1977 मध्ये विडी उद्योगाला भविष्यनिर्वाह निधी लागू झाला, तेव्हा वाद पुन्हा उठला. घरी बसून, आपल्या सवडीने काम करणाऱ्या बाईवर आमची देखरेख कुठे आहे, असं मालकांचं म्हणणं होतं. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचं उत्तर दिलं. आलेल्या विड्या तपासून छाट काढायचा हक्क तुम्ही राखला आहे, तीच देखरेख, आणि तेवढ्याने ही बाई तुमची कामगार ठरते.