'सूर्य'मधला र कुठे आहे?

(सोलापुरात प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

12 जानेवारीला आपण सोलापूरकर चार हुतात्म्यांची आठवण काढतो. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलानं एका वर्षी मार्शल लॉची, म्हणजे इंग्रजांनी शहरात लावलेल्या लष्करी कायद्याची, सगळी हकिकत उभं राहून सांगितली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, येरवड्याचा तुरुंग, 1931 साल. काही म्हणून सुटलं नाही. त्यानं हे वाचलेलं नव्हतं. मी सांगितलेलं एकदा ऐकलं होतं. पुढच्या आठवड्यात त्यावरच लेखी चाचणी घेतली, तर पेपरवर त्याचं नाव आणि खोडलेल्या दोन ओळी. "तुझं लक्ष नसतं" म्हणत मी त्याला चुकलेले शब्द पंचवीस-पंचवीस वेळा लिहायला लावले. पंचविसाव्या वेळचा शब्द पहिल्यापेक्षा जास्त चुकलेला होता. त्या पानाची मला आजही लाज वाटते.

असं मूल नवं नाही. 1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाविषयी लिहिलं होतं. मुलगा चलाख, गणितात बरा, पण वाचन काही केल्या जमेना. तेव्हा याला 'शब्दांधत्व' म्हणत. आज आपण डिस्लेक्सिया म्हणतो: मूल हुशार असूनही वाचन-लेखनात येणारी अडचण. नावावरून वाटतं, दोष डोळ्यांचाच असेल. पुढं संशोधनातून कळलं की बहुतेक मुलांची मुख्य अडचण आवाजांशी असते. बोललेला शब्द सुटा करून त्यातले आवाज ओळखायचे, आणि अक्षर दिसताच त्याचा आवाज झटकन आठवायचा, हे त्यांना जड जातं. मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्यावेतच, पण डिस्लेक्सिया चष्म्यानं जात नाही.

इंग्रजीतले बी आणि डी उलटे दिसणं, एवढंच लक्षण आपण ऐकून असतो. आपल्या देवनागरीत अडचण वेगळ्या जागी लपते. 'किती' शब्दात पहिली वेलांटी क-च्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. घ-ध, भ-म, थ-य या जोड्या एकमेकींसारख्या. 'ख' सुटा लिहिला की 'रव' होतो. आणि र तर बहुरूपी: क्रम, ट्रक, गर्दी, सुऱ्या. त्याच मुलानं मला विचारलं होतं, "बाई, 'सूर्य'मध्ये र कुठाय?" मी रफाराकडं बोट दाखवलं. तो म्हणाला, "पण तो तर य-च्या डोक्यावर आहे, आणि तुम्ही आधी म्हणताय." त्याचं बरोबर होतं. बाकीच्या मुलांनी हे न विचारताच गिळलेलं असतं. या मुलाला ते कुणीतरी उलगडून दाखवावं लागतं.

आपल्या शहरात एक गुंता आणखी आहे. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. गल्लीत कन्नड, शेजारी उर्दू, आणि शाळा मराठी. पहिलीतलं मूल अडखळलं की दोन चुका होतात. एक, त्याला मंद ठरवणं. दुसरी, "घरी तेलुगू बोलतात ना, येईल हळूहळू" म्हणत चौथीपर्यंत वाट बघणं. मला दुसरी जास्त घातक वाटते, कारण तिच्यात माया दिसते. मूल मराठी गोष्ट ऐकून नीट समजतंय, प्रश्नांची उत्तरं तोंडी देतंय, आणि तरीही अक्षर-आवाजाची जोडी महिनोन्‌महिने टिकत नाही, तर कारण भाषेपलीकडं शोधायला हवं. त्याच्या घरच्या भाषेतही आवाजांचे खेळ घेऊन पाहा. तेलुगू आपल्याला येत नसेल तर शाळेत ती येणारं कुणीतरी असतंच. डिस्लेक्सिया ओळखण्यासाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची 'डाली' ही चाचणी मराठीत आहे, कन्नडमध्येही आहे. इंग्रजी चाचणीवरून आपल्या मुलाचा निकाल लावू नये.

आता वर्गाचं. वही-पेन्सिल बाजूला ठेवून रोज दहा मिनिटं आवाजांशी खेळा. 'कमळ'मधला क काढला तर काय उरलं? मळ. 'नगर'च्या न-ऐवजी म घातला तर? घ आणि ध एका आठवड्यात शिकवू नका. एक पक्का झाल्यावर दुसरा घ्या. अक्षर बोलत बोलत हवेत, वाळूत, पाटीवर मोठं गिरवू द्या. जोडाक्षर फोडून दाखवा: अर्धा र, मग य. थोडं, रोज, आणि मागचं पक्कं झाल्यावरच पुढचं.

एक गोष्ट मात्र उद्यापासून बंद करा. बाकावरून क्रमानं उभं करून वाचायला लावणं. आपली पाळी येईपर्यंत ते मूल बाकं मोजत असतं, धडा त्याच्या कानावरही पडत नाही. त्याऐवजी "उद्या या दोन ओळी तुझ्या" असं आदल्या दिवशी हळूच सांगा, आणि त्या ओळी त्याच्यासोबत वाचा.

वाचन शिकवणं चालू असताना बाकीचं शिक्षण अडू नये, यावर माझा सगळा भर आहे. शाब्दिक उदाहरण सगळ्या वर्गासाठी मोठ्यानं वाचा, म्हणजे कुणी एकटं पडत नाही. इतिहासाच्या उत्तराला इतिहासाचे गुण द्या, ऱ्हस्व-दीर्घाचे कापू नका. तोंडी उत्तर घ्या. पाठ्यपुस्तकावरच्या क्यूआर कोडचा उपयोग करा. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी तो वापरून दाखवला, 2020 मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. जे मूल वाचू शकत नाही, त्याला धडा ऐकता आला तर तो त्याचाही होतो.

कायदा बाजूनं आहे. महाराष्ट्रानं अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला 1996 सालीच सुरुवात केली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश झाला; डिस्लेक्सिया त्यातच येतो. जादा वेळ, लेखनिक हे प्रमाणपत्रावर मिळतं, पण त्यासाठी आईबापांना रोजगार बुडवून खेपा घालाव्या लागतात. विड्या वळणाऱ्या आईचा एक दिवस म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. ते मिळवून द्याच, पण मी आत्ता सांगितलेल्या एकाही गोष्टीला प्रमाणपत्र लागत नाही.

त्या मुलाच्या वडिलांना मी बोलावलं, तेव्हा ते यंत्रमागावरची पाळी संपवून, अंगावर कापसाची धूळ घेऊन आले. मी समजावून सांगत होते आणि ते खाली बघत होते. मग म्हणाले, "बाई, लेकरू माझ्यावर गेलंय. मी पाचवीतून शाळा सोडली. मास्तर म्हणायचे, ढ आहे." ही अडचण घराण्यात उतरते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. निघताना त्यांनी टेबलावरची रफाराची कार्डं उचलून पाहिली. "ही दोन दिवस घरी नेऊ का?" त्यांनी विचारलं. "पोराचं झालं की मीपण बघतो."