एका जागी न टिकलेल्या माणसाची बाजू

मागे ऐकू येतंय ना? हात वर केलेत म्हणजे येतंय. तर आजचा विषय अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ आणि सतत नोकऱ्या बदलणारी माणसं, तो मीच सुचवलाय, कारण स्मिथसाहेबांवर माझा जुना राग आहे आणि तो आज सगळा काढायचाय. पण आधी थोडी पार्श्वभूमी, पाचच मिनिटं.

पार्श्वभूमी म्हणजे माझ्या नोकऱ्या, छापखाना, मग फोटोची डार्करूम, मग पंचकार्डं (जुन्या कंप्युटरची भोकं पाडलेली कार्डं), मग टेलिफोन बोर्ड, प्रूफं, गोदामाचा स्टॉक, मधे काही दिवस रात्रपाळीचा वॉचमन, आणि सगळ्यात शेवटी शिकवणं. ही यादी बघून एका मुलाखतीत समोरचे साहेब म्हणाले, अहो हा बायोडेटा आहे का रेल्वेचं टाइमटेबल? बाकीचे दोघे हसले, मीही हसलो, नोकरी हवी होती ना. मग ठेवणीतला प्रश्न आला, तुम्ही एका जागी टिकत का नाही? आता साहेब, मी छापखान्यात टिकायला तयार होतो, छापखानाच टिकला नाही! लायनोटाइप मशीन, म्हणजे शिशाच्या अख्ख्या ओळी ओतणारं यंत्र, 1886 मधे न्यूयॉर्क ट्रिब्यूनमधे चालू झालं आणि 1978 मधे न्यूयॉर्क टाइम्सने शिशाची जुळणी बंद केली, एवढ्या मोठ्या पेपरला जे शिसं टिकवता आलं नाही ते मी कुठून टिकवणार होतो? पुढे पंचकार्डं गेली, डार्करूम गेली. वॉचमनचं काम मात्र मी सोडलं, ते कबूल, रात्री झोप यायची.

बरं, छापखान्याचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. (आणि मला सांगायला आवडतं, घरचे आता ऐकत नाहीत.) नवीन पोराला कोणी लगेच जुळणीला बसवत नाही. छापून झालेल्या मजकुराचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे शिशाचे ठसे, सोडवून परत केसमधल्या, म्हणजे खणांच्या पेटीतल्या, आपापल्या खणात टाकायचे, हेच काम. आमचे म्हातारे जुळारी म्हणायचे, आधी परत ठेवायला शिक, जुळवायला नंतर. देवनागरीची केस म्हणजे काय पसारा असतो बघा, अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वरच्या मात्रा, खालचे उकार, सगळ्यांचे वेगळे खण. त्यात खिळ्यावर अक्षर उलटं, स्टिकमधे, म्हणजे हातातल्या पट्टीत, ओळ लावायची तीही डोक्यावर उभी. पहिला आठवडा डोळे दुखून वाया गेला. मग त्यांनी माझा अंगठा धरला आणि खिळ्याच्या अंगावरून फिरवला. तिथे एक बारीक खाच असते. बघायचं नाही म्हणाले, अंगठ्याला विचार. ओळ लावली की सगळ्या खाचा एका रेषेत यायला पाहिजेत, एखादी दिसली नाही म्हणजे तो खिळा उलटा बसलाय, आणि खाच भलत्याच उंचीवर असेल तर दुसऱ्या टाइपाचा खिळा घुसलाय. एकही अक्षर न वाचता चूक सापडायची! त्यानंतर मी महिनोन्महिने खिशातल्या नाण्यांवरूनसुद्धा अंगठा फिरवत बसायचो.

मग डार्करूम. लोकांना वाटतं तिथे लाल दिवा असतो. असतो, पण तो प्रिंट काढताना, फोटोच्या कागदासाठी. फिल्म हाताळताना तोही नाही, ठार काळोख, कारण नेहमीच्या फिल्मला लाल उजेडही दिसतो. मोठ्या कॅमेऱ्याच्या सुट्या शीट फिल्म होल्डरमधे भरायच्या होत्या आणि उजेड टिपणारा लेप कुठल्या बाजूला आहे ते कळायला पाहिजे, उलटी भरली की काम गेलं. पहिल्याच दिवशी त्या काळोखात मी फिल्म हातात घेतली आणि कडेला बोट गेलं तर काय, खाच! कोपऱ्यात वरच्या कडेला उजवीकडे खाचा आल्या की लेप तुमच्याकडे, आणि खाचांचा आकार बघून म्हणजे चाचपून फिल्म कुठली तेही कळतं. मी काळोखात एकटाच हसलो. बाहेरून कोणीतरी विचारलं, काय झालं रे?

पंचकार्डांच्या ऑफिसात गेलो तर कार्डाचा एक कोपरा कापलेला. 80 कॉलमचं कार्ड, हजारोंची थप्पी, त्यात एखादं उलटं गेलं तर कोपऱ्यांच्या रेषेत लगेच उठून दिसायचं. तिथल्या कोणाला मी हे छापखान्याशी जोडून सांगायला गेलो की ते घड्याळाकडे बघायचे, जसे आता तुमच्यातले काही जण बघतायत. घरी गेल्यावर कीबोर्डवर इंग्रजी एफ आणि जे ही बटणं चाचपा, आणि उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवरचा 5. बारीक उंचवटा लागेल. तोही आमच्याच खानदानातला.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे माझ्या हिशोबात पंधरा, पण संयोजकांचा चेहरा बघता सातच धरतो.

तर स्मिथ. 1776 च्या त्या जाड ग्रंथात, ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मधे, पहिल्याच प्रकरणात टाचणीचा कारखाना आहे, टाचणी करायच्या साधारण 18 क्रिया, दहा माणसांत वाटलेल्या, आणि दिवसाला 48,000 टाचण्या. ठीक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण लगेच पुढे म्हणतात की माणूस एका कामावरून दुसऱ्यावर जाताना रेंगाळतो आणि सारखा असा बदल करणारा शेवटी आळशी होतो. इथे माझं भांडण आहे. रेंगाळतो हे खरंच आहे, पण त्या रेंगाळण्यातच तो खाच शोधत असतो. मुरलेल्या माणसाचं बोट आपोआप जातं, त्याला विचाराल तर खाच आहे हेही सांगता येणार नाही. नव्याला शोधावी लागते म्हणून दिसते, आणि आधी दुसरीकडे सापडलेली असेल तर लवकर दिसते. विजेवरचे मोठे शोध लावणारा मायकल फॅरडे आधी पुस्तकबांधणीला उमेदवार होता, बांधायला आलेली पुस्तकं वाचत बसायचा. विल्यम हर्शेल चर्चमधे ऑर्गन वाजवायचा, आणि 1781 मधे स्वतः घासलेल्या आरशाच्या दुर्बिणीतून युरेनस शोधला. हेही मधल्या वेळात रेंगाळलेलेच की!

आणि गंमत म्हणजे त्याच ग्रंथात बरंच पुढे, पाचव्या भागात, स्मिथ स्वतःच लिहितात की जन्मभर दोनचार सोप्या क्रियाच करणारा माणूस होता येईल तेवढा मठ्ठ होतो. पहिलं प्रकरण वाचून पुस्तक मिटणाऱ्यांना हे कळत नाही, मुलाखतीतले साहेब त्यातलेच.

दोन मिनिटं, हो, बघतोय. हे स्मिथसाहेब स्वतः काय एका जागी टिकले? ग्लासगोला प्राध्यापक होते, 1764 मधे ते सोडून एका ड्यूकच्या शिकवणीला गेले, फ्रान्स नि जिनिव्हाला हिंडले, आणि 1778 मधे एडिंबरोला कस्टम्सचे कमिशनर. तिथे गेल्यावर बंदी असलेल्या मालाची यादी वाचली तर आपलेच गळपट्टे नि हातरुमाल बंदीचे निघाले, आणि त्यांनी ते चक्क जाळून टाकले, तसं पत्रात लिहिलंय त्यांनी. नवीन माणूसच असं करू शकतो, मुरलेल्या कमिशनरने यादी ड्रॉवरमधे टाकली असती आणि रुमालाने नाक पुसलं असतं.