स्क्रूला हात लावण्याआधी

(कुडाळ येथे दुचाकी मेकॅनिक आणि हौशी चालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, गॅरेजवर येणारी तक्रार साधारण ठरलेली असते. एअर फिल्टरचा डबा काढून तिथे उघडा कोन फिल्टर बसवलेला असतो आणि मागे मोकळा सायलेन्सर. आवाज वाढतो, पण ओव्हरटेकला पिकअप मिळत नाही. रेस सोडली की सायलेन्सर फटाके मारतो, आणि मालवणहून कुडाळला येईपर्यंत इंजिनजवळ पाय धरवत नाही. मागणी मात्र एकच, "काका, जरा स्क्रू फिरवा ना." मला आज मुख्यतः एवढंच सांगायचं आहे, की कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाच्या, स्क्रूला हात लावण्याआधी रेस किती उघडी असताना गाडी त्रास देते ते शोधा. ते न शोधता केलेलं ट्यूनिंग म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

फिल्टर बदलला की गाडी लीन का होते, म्हणजे हवेच्या मानाने तिला पेट्रोल कमी का पडतं, हे आधी बघू. कार्बोरेटर पेट्रोल ढकलत नाही. गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो, आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बाहेरच्या हवेच्या दाबाने जेटमधून, म्हणजे ठरावीक भोकाच्या तोटीतून, वर चढतं. कंपनीच्या डब्यामुळे हवेला थोडा अडथळा होतो, त्यामुळे गळ्यातला दाब आणखी उतरतो आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं. जेटचा नंबर हे सगळं धरूनच ठरवलेला असतो. डबा काढला की हवा जास्त येते आणि पेट्रोलची ओढ कमी होते, म्हणजे दोन्हीकडून मार. नुसता सायलेन्सर बदलला तर फोर-स्ट्रोकमध्ये फरक त्या मानाने कमी पडतो. खरा घोळ फिल्टरचा असतो.

त्यात आता पेट्रोलही बदललं आहे. शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५ भाग पुरते. म्हणजे जुनी बुलेट किंवा आरएक्स १०० त्याच जेटवर, काहीही न बदलता, आधीच आठेक टक्के लीन चालते आहे. त्यावर तुम्ही डबा काढता. ताकद हवी असेल तर शुद्ध पेट्रोलच्या हिशोबाने मिश्रण साडेबारा ते तेराच्या आसपास लागतं, आणि तुम्ही जाता नेमके उलट्या दिशेला.

आता रेसकडे येतो. मुठीच्या रबरावर एक रेघ मारा आणि शेजारी स्विचच्या घरावर टेप चिकटवून बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. मग गाडी चालवा आणि गडबड कोणत्या खुणेवर होते ते बघा. इंजिनचा वेग किंवा गिअर कोणता, हा प्रश्न नंतरचा. बंद ते एक-अष्टमांश रेसपर्यंत पायलट जेट आणि तो तुमचा लाडका स्क्रू. तिथून पावपर्यंत स्लाइडला (रेस दिली की वर उचलला जाऊन हवेची वाट उघडणारा दट्ट्या) खालून दिलेला तिरका काप. पाव ते पाऊण स्लाइडला लटकणारी सुई आणि सुईचा जेट. पाऊणच्या वर मेन जेट. या हद्दी एकमेकांत थोड्या मिसळतात, पण महामार्गावर अर्ध्या रेसला गाडी हिसके देत असेल तर स्क्रू फिरवून काहीही होणार नाही, कारण तिथे हुकमत सुईची आहे. सुईला बहुधा पाच खाचा असतात. क्लिप एक खाच खाली घातली की सुई वर उचलली जाते आणि गाडी रिच होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढतं. एका वेळी एकच खाच, मग पुन्हा रस्त्यावर.

स्क्रूबद्दलही एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण इथे भलेभले चुकतात. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा आहे, बाहेर काढला की गाडी लीन होते. इंजिनच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा आहे, बाहेर काढला की रिच होते. हात न बघता सवयीने फिरतो आणि उलटं होऊन बसतं. इंजिन पूर्ण गरम असताना स्क्रू अलगद शेवटपर्यंत आत न्यायचा. आवळायचा नाही, टोक तुटून आत राहतं. मग बाहेर काढत मोजायचं. साधारण एक ते अडीच फेऱ्यांत आयडल, म्हणजे रेस सोडलेली असतानाचा इंजिनचा वेग, सगळ्यात उंच आणि स्थिर मिळायला हवं. हवेचा स्क्रू अर्ध्या फेरीच्याही आत न्यावा लागत असेल तर पायलट जेट लहान पडतो आहे. तीन फेऱ्या काढूनही गाडी मोकळी होत नसेल तर तो मोठा आहे. अशा वेळी जेट बदला, स्क्रूवर जबरदस्ती नको.

पण हे सगळं गाडी धड असेल तरच. मॅनिफोल्डचं, म्हणजे कार्बोरेटर इंजिनला जोडणारं, रबर आपल्या उकाड्यात, खाऱ्या हवेत कडक होऊन चिरतं आणि तिथून गाडी एअर घेते. चालू इंजिनवर त्या जोडावर कार्ब क्लीनरचा थोडा फवारा मारा (गरम सायलेन्सरपासून लांब). आयडल बदललं तर चीर आहेच. बेंड पाइपची, म्हणजे इंजिनपासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीची, रिंग गेली असेल तर रेस सोडल्यावर फटाके वाजणारच, त्याला जेट काय करणार? आणि चाकरमान्यांच्या गाड्या! मे महिन्यात गाडी पडवीत लावून मुंबईला जायचं, गणपतीला येऊन किक मारायची. तोवर वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं, तळाला चिकट थर, इथेनॉलने ओढलेल्या ओलाव्याने धातूवर पांढरी भुकटी आणि पायलट जेटचं बारीक भोक बंद. अशी गाडी चोक दिल्याशिवाय चालत नाही, आणि दोष मात्र नव्या सायलेन्सरवर जातो. जाताना वाटीचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल काढून ठेवलं तर यातलं बहुतेक टळतं.

बंद झालेल्या जेटमध्ये तार घालू नका, हे मी हात जोडून सांगतो. जेट पितळेचा असतो, तार लोखंडाची. केहिन कंपनीच्या मेन जेटवर १०० लिहिलं असेल तर भोक एक मिलिमीटरचं आहे. ते १.१ झालं तर व्यास दहा टक्के वाढला, पण क्षेत्रफळ एकवीस टक्के. केसाएवढ्या ओरखड्याने एवढा फरक पडतो आणि वर लिहिलेला नंबर तोच राहतो, म्हणजे पुढच्या मेकॅनिकचीही फसगत. क्लीनर आणि हवेचा दाब वापरा. नाहीच निघालं तर नवा जेट घ्या.

क्रम सांगायचा तर मी मेन जेटपासून सुरुवात करतो, मग सुई, शेवटी पायलट. मोकळ्या रस्त्यावर, वेग हाताबाहेर जाऊ नये म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये, काही सेकंद पूर्ण रेस. मग एकदम क्लच दाबून किल स्विच बंद, गाडी कडेला, प्लग बाहेर. मागे कुणी नाही हे बघूनच. प्लग नवा हवा. आयडलवर घरी आलेल्या गाडीचा प्लग बघून मेन जेटबद्दल काहीही कळत नाही. चिनी मातीचा भाग पांढरा फटक असेल तर लीन, काळी काजळी असेल तर रिच. पूर्वीचा छान चहाच्या रंगाचा प्लग आता सहसा दिसत नाही. २००० सालापासून पेट्रोल बिनशिशाचं झालं, रंग फिका येतो. म्हणून चिनी मातीच्या मुळाशी, खोल आत, काजळीचं बारीक वर्तुळ उमटलं आहे का ते बघा; मिश्रण नीट असल्याची खूण आता तीच.

टू-स्ट्रोकवाल्यांनी लीनचा धोका अजिबात पत्करू नये. जुन्या येझदीत ऑइल पेट्रोलमधूनच जातं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि उष्णता जास्त. पिस्टन चिकटायला एक लांब चढ पुरतो. आधी मोठा जेट घालून गाडी रिच करा आणि मग एकेक पायरी खाली या.

आंबोलीबद्दल नेहमी विचारलं जातं. दाणोली सोडून घाट चढला की आपण ६९० मीटरच्या आसपास पोचतो. एवढ्या उंचीवर हवेचा दाब सात-आठ टक्के उतरतो आणि गाडी साधारण त्याच्या निम्मीच रिच होते. पण वर गारवाही असतो, आणि गार हवा दाट असते. तिने थोडी भरपाई होते. तेव्हा आंबोलीसाठी जेट बदलू नका. घाटात गाडी दम तोडत असेल तर दुखणं खालूनच सोबत आलेलं आहे.

आणि त्या डब्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे, कोकणात तो काढूच नये. मे महिन्यात जांभ्याची लाल धूळ उडते. ती कडक असते आणि सिलिंडर-रिंग घासते. पावसात मागच्या चाकाचं पाणी थेट उघड्या फिल्टरवर येतं. ओला फिल्टर हवा अडवतो, आणि उन्हाळ्यात नीट बसवलेली गाडी जुलैत रिच होऊन प्लग काळा करते. डबा ठेवा, आत हवं तर मोकळा फिल्टर घाला. त्यासाठी बहुधा मेन जेटची एखादी पायरी आणि सुईची एखादी खाच पुरते.

सायलेन्सरबद्दल कायदा माहीत असू द्या. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज-प्रदूषणाचा दंड पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत जातो. रात्री अकराला वाडीतून जाताना कुणाच्या घरात म्हातारं माणूस झोपलेलं आहे, याचाही विचार करा. पीयूसीचं म्हणाल तर २००० नंतरच्या जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेतीन टक्के होती, आणि ती मोजली जाते आयडलवर. म्हणजे पीयूसीची नळी फक्त पायलटची परीक्षा घेते. सुई आणि मेन जेट तिला दिसतच नाहीत. तेव्हा पीयूसी पास झाली म्हणून गाडी ट्यून झाली असं धरू नका. मुठीवरच्या खुणा पुसल्या असतील तर परत मारा आणि रस्त्यावर जाऊन बघा.