फिरायला की राहायला? सोफियातल्या एका मैत्रिणीचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आज तुमच्याशी बल्गेरियाबद्दल बोलायचंय. मी काही वर्षं तिथल्या राजधानीत, सोफियात नोकरीला होते आणि तिथली माझी एक मैत्रीण, माझ्याच टीममधली, कधीपासून एकाच प्रश्नाला धरून बसलीये, की देश सोडायचा का. तिला विचारूनच बोलतेय, फक्त नाव सांगणार नाही.

तर ही बाई फिरते खूप. स्वस्तातलं विमानाचं तिकीट दिसलं की बुक करून मोकळी. पण तिच्याबरोबर फिरलात ना, की लक्षात येतं की ती आपल्यासारखी फिरत नाही. आम्ही एकदा नेदरलँड्सला गेलो होतो, मी आपली म्युझियमच्या रांगेत आणि ही सुपरमार्केटमध्ये दुधाची किंमत बघतेय, इस्टेट एजंटच्या काचेवर लावलेल्या भाड्याच्या जाहिरातींचे फोटो काढतेय, एका पाळणाघरासमोरच्या बाकावर बसून आयाबाबा किती वाजता मुलांना न्यायला येतात आणि सायकलवरून येतात की गाडीतून, ते बघत बसलीये. तिला मुलगी आहे, शाळेत जायच्या वयाची होत आलेली. मी म्हटलं अगं आपण सुट्टीवर आलोय, तर म्हणाली की मी कुठेही गेले की हेच बघते, इथे राहता येईल का. रोममध्ये पण बघितलं, व्हिएन्नात पण बघितलं. मला वाटलं ही तिची एकटीची सवय असेल. पण नंतर ऑफिसातल्या बाकीच्यांशी बोलत गेले तसं कळलं की तिथे प्रवासाला हा दुसरा अर्थ चिकटलेलाच आहे, आणि तो आजचा नाही.

तिच्या आईचं उदाहरण घ्या. आई विदिनची. विदिन म्हणजे पार वायव्येच्या कोपऱ्यात, डॅन्यूब नदीच्या काठावर, नदीपलीकडे रोमानिया. कम्युनिस्ट राजवटीत पासपोर्ट असा घरी ठेवायची चीजच नव्हती, बाहेर जायचं तर सरकारची परवानगी लागायची. सोव्हिएत युनियन, पूर्व जर्मनी असल्या देशांत ग्रुपनं जाता यायचं, पण पश्चिमेकडे जायचं म्हणजे कोण तुम्ही, कशाला जाताय, आणि घरातलं कोण मागे ठेवताय, हे सगळं बघितलं जायचं. नवरा-बायको-मुलं सगळी मिळून पॅरिसला चालली आहेत असं सहसा होऊच द्यायचे नाहीत, कारण मग परत कशाला येतील. म्हणजे सरकारनंच गृहीत धरलेलं की जो फिरायला जातो तो राहायलाच जातो. वेटलिफ्टर नाइम सुलेमानओग्लू आठवतोय का? छोटासा, पण अफाट ताकदीचा. तो बल्गेरियातला तुर्की वंशाचा मुलगा, सरकारनं सक्तीनं त्याचं नाव बदललं होतं, १९८६ मध्ये मेलबर्नला स्पर्धेसाठी गेला आणि तिथून निसटून तुर्कस्तानात गेला, आणि १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये तुर्कस्तानसाठी गोल्ड घेतलं.

आणि त्याच्या पुढच्याच वर्षी जे झालं ते तर मला ऐकूनही खरं वाटेना. १९८४-८५ च्या हिवाळ्यात बल्गेरियातल्या तुर्की लोकांची नावं जबरदस्तीनं बल्गेरियन करून टाकली होती, उघड्यावर तुर्की बोलायची बंदी, विरोध केला तर तुरुंग. मे १९८९ मध्ये मोठी आंदोलनं पेटली आणि देशाचा सर्वेसर्वा तोदोर झिव्कोव्ह टीव्हीवर येऊन म्हणाला की तुर्कस्ताननं सीमा उघडावी. मग या लोकांच्या हातात पासपोर्ट दिले. कागदोपत्री सगळे टुरिस्ट! म्हणून त्या उन्हाळ्याला बल्गेरियात आजही ‘मोठी सहल’ म्हणतात. तीन लाखांहून जास्त माणसं, ऑगस्टमध्ये तुर्कस्ताननं सीमा बंद करेपर्यंत, गाड्यांच्या टपावर फ्रीज, गाद्या, जे मावेल ते बांधून सीमेवरच्या कापितान आंद्रेएवोच्या नाक्यावरून गेली. शेतात तंबाखू उभा, गाईगुरं तशीच, तोडायला माणसं नाहीत म्हणून शहरातनं लोक शेतांवर पाठवायला लागले. पुढे त्यातले बरेच जण परत आलेही. पण जाणाऱ्याला टुरिस्ट म्हणायचं आणि त्याचं घर कायमचं सुटतंय हे सगळ्यांना दिसत असताना म्हणायचं, याचा मला आजही राग येतो. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला झिव्कोव्हची सत्ता गेली.

मग दार उघडलं. पण उघडलं तेव्हा खिशात पैसे नव्हते. १९९६ मध्ये बँका बुडाल्या, फेब्रुवारी १९९७ मध्ये एका महिन्याची भाववाढ २०० टक्क्यांच्या पुढे गेली, म्हणजे सकाळी पगार हातात आला तर संध्याकाळपर्यंत त्याचं काहीतरी घेऊन टाकायचं. मैत्रीण तेव्हा लहान होती. तिला आठवतं की आईनं पगाराच्या दिवशी साखर आणि तेल घेऊन ठेवलं होतं, कपाटात कपड्यांच्या जागी तेलाच्या बाटल्या. आणि बाहेर जायचं म्हटलं तर व्हिसा. २००१ च्या एप्रिलमध्ये शेंगेन देशांत, म्हणजे आपसातल्या सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपातल्या देशांत, फिरायला व्हिसा लागणं बंद झालं, २००७ च्या १ जानेवारीला देश युरोपियन युनियनमध्ये गेला, तरी नोकरीसाठी जर्मनी, ब्रिटन, नेदरलँड्स वगैरे देशांनी २०१४ उजाडेपर्यंत अडवून धरलं होतं. त्याच्या पुढची पायरी अगदी अलीकडची, बल्गेरिया स्वतःच शेंगेनमध्ये गेला, विमान आणि जहाजासाठी मार्च २०२४ पासून आणि रस्त्यानं १ जानेवारी २०२५ पासून. मी तिथे होते ते याच्या आधी, त्यामुळे माझ्याकडे बल्गेरियाचं रेसिडेन्स कार्ड असूनही नेदरलँड्ससाठी बँक स्टेटमेंट, हॉटेल बुकिंग, इन्शुरन्स असा गठ्ठा घेऊन वेगळा व्हिसा काढावा लागला होता आणि ही बाई खिशात नुसतं ओळखपत्र टाकून निघाली. आपल्या पासपोर्टवाल्यांना ते बघून काय वाटतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण तिची आई एअरपोर्टवर सोडायला आली होती, आणि तिलाही ते बघून तेच वाटत होतं, हे मी तिच्या चेहऱ्यावर बघितलंय.

आता जाणारे किती गेले ते ऐका. १९८० च्या दशकाच्या शेवटी बल्गेरियाची लोकसंख्या ९० लाखांच्या आसपास होती. २०२१ च्या जनगणनेत ६५ लाख. अख्खा देश, महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडा मोठा, आणि माणसं मुंबईच्या निम्मी. सगळे काही परदेशी गेले म्हणून नाही, जन्म कमी आणि मृत्यू जास्त हे पण आहे, पण तरुणच निघून गेले की जन्म कुठून होणार. एकट्या विदिन जिल्ह्यात २०११ ला लाखभर माणसं होती, २०२१ ला ७५ हजारांच्या आसपास. माणसं गेली कुठे, तर जर्मनी, ब्रिटन, ग्रीस, इटली, स्पेन. स्पेनमधल्या सेगोव्हियाकडे बल्गेरियन लोकांची मोठी वस्ती आहे, अमेरिकेत शिकागोला आहे. डॉक्टर-नर्स जर्मनीला, आणि पन्नाशीच्या बायका इटली-ग्रीसमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायला, इकडे स्वतःची आई शेजारणीच्या भरवशावर ठेवून. कामासाठी परमुलखात जाणं तसं तिकडे जुनंच, त्याला गुर्बेत म्हणतात. एकोणिसाव्या शतकात वेलिको तर्नोव्होच्या बाजूचे माळी हंगेरीपर्यंत भाजी पिकवायला जायचे आणि हिवाळ्याला घरी यायचे. पण ते परत येण्यासाठीच जायचे.

मी तिच्याबरोबर एकदा विदिनला गेले होते. सोफियाहून साधारण २०० किलोमीटर आणि ट्रेनला पाचेक तास लागतात, यावरून काय ते समजा. डॅन्यूबवर रोमानियाला जोडणारा पूल २०१३ मध्ये झाला, तोपर्यंत बल्गेरिया-रोमानियामधल्या अख्ख्या नदीवर रुसे शहराजवळचा एकच पूल होता, १९५४ चा. विदिन सुंदर आहे हो. नदीकाठची बाग, बाबा विदाचा किल्ला, पडझड झालेलं जुनं सिनेगॉग आता छान दुरुस्त करून सांस्कृतिक केंद्र केलंय आणि त्याला विदिनमध्येच जन्मलेल्या चित्रकार पास्कांचं नाव दिलंय, तोही बिचारा पॅरिसमध्येच राहिला. पण मला आठवतं ते तिच्या आईच्या बिल्डिंगचं दार. बल्गेरियात माणूस वारला की त्याचा फोटो छापलेला कागद दारावर, झाडांवर, बसस्टॉपवर चिकटवतात. नुसता वारल्यावरच नाही, चाळीस दिवस झाले, सहा महिने झाले, वर्ष झालं, की परत नवा कागद. त्या दारावर कागदावर कागद चढले होते, खालचे उन्हानं पांढरे पडलेले, आणि आत गेल्यावर पत्रपेट्यांची रांग, त्यातल्या अर्ध्याअधिक पेट्यांतून जाहिरातींचे कागद बाहेर लोंबतायत कारण काढायला कुणीच नाही. मैत्रीण एकेक पेटी दाखवत गेली. हे माद्रिदला, हे लंडनला, ही आजी वारली, हे लोक फक्त ऑगस्टमध्ये येतात, यांचं माहीत नाही. आई चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.

सप्टेंबर होता, बाल्कनीत मिरच्या भाजणं चाललेलं. आपली तिखट मिरची नाही, मोठ्या लाल गोड मिरच्या. त्यासाठी विजेवर चालणारं एक उभं भांडं असतं, चुश्कोपेक, वरून एकेक मिरची आत सोडायची, साल काळी पडली की काढून झाकून ठेवायची आणि मग सोलायची. त्याची टोमॅटो घालून चटणी करतात, ल्युतेनित्सा, बरण्याच्या बरण्या. यातल्या चार लेकीला सोफियाला, आणि उरलेल्या मुलाला जर्मनीला. विमानात हातातल्या बॅगेत नेता येत नाहीत, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरायच्या आणि जर्मनीला जाणाऱ्या मिनीबसच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायच्या. तो ड्रायव्हर आईला नावानं ओळखतो.

आता मैत्रिणीचं काय, तर तिच्या कंपनीत नेदरलँड्सची जागा निघालीये आणि बॉस म्हणतो अर्ज कर. पगार चांगला जास्त आहे. पूर्वी तिकडचे युरो आणि इकडचे लेव्ह, एका युरोला १.९५५८३, साधारण दुप्पट करून हिशेब मांडावा लागायचा. १ जानेवारी २०२६ पासून बल्गेरियात युरोच आला, त्यामुळे सोफियाचा पगार आणि तिकडचा पगार एका कागदावर शेजारी शेजारी लिहिला की फरक डोळ्यात भरतो. पण तोच कागद खाली वाचत गेलं की इन्कम टॅक्स बल्गेरियात सरसकट १० टक्के, तिकडे चढत जाणारा. इथे स्वतःचा फ्लॅट, सोफियाच्या म्लादोस्त भागातल्या, काँक्रीटच्या तयार भिंती जोडून बांधलेल्या जुन्या पॅनेल बिल्डिंगमधला का असेना, हप्ता नाही, तिकडे भाड्यातच पगाराचा मोठा लचका. इथून शहरातल्याच बसनं वितोशा डोंगराच्या पायथ्याला जाता येतं, आणि तिकडे डोंगरच नाही, हे ती अगदी सिरियसली लिहिते आणि मला पटतंही. नवरा सोफियाचा, त्याला हलायचं नाही. मुलीला शाळेत घालायच्या आत ठरवायला हवं. आणि सगळ्यात खाली, आई. आई आजारी पडली तर विदिनला सोफियाहून पाच तास, आणि तिकडून? विमान आणि मग पुन्हा पाच तास.

माझं मत विचाराल तर जाणाऱ्याला गद्दार म्हणणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत, आणि बल्गेरियात ते आहेत. एप्रिल २०२१ ते ऑक्टोबर २०२४ मध्ये सात वेळा संसदेच्या निवडणुका झाल्या त्या देशात! परत या परत या म्हणणाऱ्यांनी आधी विदिनची ट्रेन नीट करावी, दवाखान्यात नर्स टिकतील असा पगार द्यावा. पण परत येणाऱ्याकडेही संशयानं बघतात, तिकडे जमलं नाही वाटतं, असं म्हणतात, हे त्याहून वाईट. अलीकडे परतणारे वाढलेत, ही चांगली गोष्ट आहे आणि त्यांना जरा बरं वागवा.

मला बल्गेरियातली सगळ्यात आवडती गोष्ट दह्याची आहे. स्तामेन ग्रिगोरोव्ह म्हणून पश्चिम सीमेवरच्या त्रन भागातला एक मुलगा जिनिव्हाला डॉक्टरकी शिकायला गेला आणि १९०५ मध्ये त्यानं तिथल्या लॅबमध्ये आपल्या गावाकडच्या दह्यातला जंतू शोधून काढला, ज्याच्या नावातच आज बल्गेरिया आहे. जगभर त्याचं नाव झालं असतं, तिकडेच राहता आलं असतं. तो त्रनला परत आला आणि तिथल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून काम केलं. मैत्रिणीला हे मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, तर ती म्हणाली की हो, पण तो शिकून आला म्हणून त्रनला डॉक्टर मिळाला, न जाता मिळाला नसता. बरोबर आहे तिचं.

आई काय म्हणते माहितीये? आई म्हणते अर्ज कर, माझ्या वेळी अडवायला पोलीस होते, आता तुला अडवायला मी बसू का. आणि मैत्रीण मला म्हणाली की आईनं नको जाऊ म्हटलं असतं तर सोपं झालं असतं. आजवर त्यांच्या घरात जो कोणी गेला तो काहीतरी मागे लागलं म्हणून गेला, कुणाच्या मागे सरकार, कुणाच्या मागे भूक, आणि हिच्या मागे कुणी नाही, कुणी ढकलत नाही आणि कुणी धरूनही ठेवत नाही, म्हणून सगळं तिचं तिलाच ठरवायचंय. हे मला तिच्या बाबतीत फार मोठं वाटतं, की त्या घरात पहिल्यांदाच कुणालातरी सावकाश विचार करायला मिळतोय, तर करू दे की तिला.

तर तिनं अर्ज केलाय, आधी एका वर्षासाठी, मुलगी आणि ती, नवरा अधूनमधून जाऊन येऊन. आणि तिनं माझ्याकडे काही प्रश्न दिलेत ते मी तुमच्यापुढे ठेवते, कारण नेदरलँड्समध्ये आपली मराठी मंडळी भरपूर आहेत. आइंडहोवेनच्या आसपास दोन माणसांना पुरेल असं घर मिळायला साधारण किती वेळ लागतो, डच न येणाऱ्या मुलांना शाळेत सुरुवातीला कोण मदत करतं, आणि आई दोन-तीन महिने येऊन राहिली तर तिच्या दवाखान्याचं काय करायचं. ज्यांना माहीत आहे त्यांनी कार्यक्रमाकडे कळवा, मी तिच्यापर्यंत पोचवते. नमस्कार.