पासपोर्टावरचा पत्ता

मंडळी, आज बोलायचंय परदेशात कामाला गेलेल्या आपल्या माणसांच्या मतदानाविषयी. सुरुवात मोल्दोव्हा या युरोपातल्या छोट्या देशापासून करतो. ३ नोव्हेंबर २०२४ ला तिथं अध्यक्षपदासाठी दुसऱ्या फेरीचं मतदान झालं. देशात पडलेल्या मतांत माया सांदू मागं होत्या. इटली, जर्मनी, फ्रान्समध्ये पोटापाण्यासाठी गेलेल्यांची मतं मोजली, तेव्हा त्या सुमारे ५५ टक्क्यांवर निवडून आल्या. हे झालं, कारण त्या लोकांच्या कामाच्या गावातच मतदान केंद्रं होती. रुमानियात २०१४ साली पॅरिस, लंडनमधली केंद्रं अपुरी पडली, माणसं रांगेत उभी असतानाच दारं बंद झाली. संताप इतका पेटला की दोन फेऱ्यांच्या मध्येच परराष्ट्रमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.

आता आपल्याकडं बघा. २०२४ च्या लोकसभेला परदेशस्थ मतदार म्हणून सुमारे १ लाख १९ हजार नावं नोंदली होती. मत दिलं २,९५८ जणांनी, त्यातले २,६७० एकट्या केरळचे. बाकीच्यांना आस्था नाही असं कुणी म्हणू नये. दुबईत सुतारकाम करणाऱ्या खानापूरच्या माणसाला मत द्यायला स्वतः खानापुरात यावं लागतं. टपाली मत सैन्यातल्यांना आहे, त्याला नाही. प्रतिनिधीमार्फत मत देण्याचं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि पुढं बारगळलं. हा त्या माणसावर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही नाव नोंदवाच. अर्ज नमुना ६अ, ऑनलाइन भरता येतो. फोटो, पासपोर्टाची फोटो-पत्त्याची पानं आणि चालू व्हिसाचं पान जोडायचं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्याला ही सोय नाही.

खरी मेख पत्त्यात आहे. मतदारसंघ ठरतो तो पासपोर्टावरच्या भारतातल्या पत्त्यावरून, जन्मगावावरून नाही. आपल्या सीमाभागात याचा फटका जास्त बसतो. घर कर्नाटकात, बेळगावजवळच्या येळ्ळूरला, पण पासपोर्ट काढताना कोल्हापूरच्या मामाचा पत्ता दिला, तर नाव कोल्हापूरच्या यादीत जाणार, म्हणजे राज्यच बदललं. खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात असला तरी लोकसभेला उत्तर कन्नड मतदारसंघात आहे, निपाणी चिकोडीत. उमेदवार कोण, हे त्यावर ठरतं. म्हणून आधी पासपोर्टावरचा पत्ता दुरुस्त करून घ्या, मग अर्ज भरा.

अर्ज गेल्यावर त्या पत्त्यावर चौकशीला माणूस येतो. घरात कुणी नसलं, किंवा नातेवाईक लिहून द्यायला तयार नसले, तर कागद तिकडच्या भारतीय वकिलातीकडं जातात आणि वेळ खातात. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरतं यादीत नाव चढत नाही. त्यामुळं निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

केंद्रावर मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो, झेरॉक्स चालत नाही. परदेशस्थ मतदाराला मतदार ओळखपत्र मिळत नाही. जुनं असेल तर परत करायचं असतं.

पुण्याला, गोव्याला कामाला गेलेले यात बसत नाहीत. त्यांचं नाव ते नेहमी जिथं राहतात तिथल्या, एकाच यादीत. अर्जात खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

पैशाचं थोडक्यात सांगतो. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस आपल्या कमाईतून बँकेमार्फत पक्षाला देणगी देऊ शकतो. परदेशी नागरिकत्व घेतलं, की तो मराठी असला तरी कायद्याच्या नजरेत परकाच, आणि त्याच्याकडून पक्षाला पैसे घेता येत नाहीत. देणगी घेणाऱ्यानं पासपोर्ट कोणत्या देशाचा हे आधी विचारावं.

अर्ज तिकडून भरला जातो, पण दार उघडायला इथली आई किंवा भाऊ लागतो. चौकशीला कोण येणार, काय विचारणार, कुठं सही करायची, हे अर्ज भरतानाच त्यांना फोनवर सांगून ठेवा.