कुरकुर कोणाची, चावी कोणाकडे

पाळकसाहेबांनी मला विषय दिलाय ‘बायबलमधलं पुढारीपण आणि आजची मंडळी’. मोशे, दावीद, नहेम्या असं एकेक घेतलं तर रात्र होईल, आणि मागे चहाची किटली आलेली मला इथून दिसतेय. तेव्हा मी एवढंच घेतो: प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६, पहिली सात वचनं.

यरुशलेमेतली मंडळी, म्हणजे येशूवर विश्वास ठेवणाऱ्यांचा समुदाय, वाढत होती. तिच्यात दोन तऱ्हेचे यहूदी. एक तिथले इब्री, म्हणजे हिब्रू-अरामी बोलणारे, दुसरे ग्रीक बोलणारे, बरेचसे बाहेरून येऊन राहिलेले. रोजच्या अन्नवाटणीत ग्रीकवाल्यांच्या विधवा राहून जायच्या. मग कुरकुर सुरू झाली. आपल्या मराठी बायबलात शब्दच ‘कुरकुर’ आहे. अर्ज नाही, ठराव नाही. उपासना सुटल्यावर आपल्याकडे स्कूटरींपाशी उभं राहून होते ना, तीच.

बारा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, ‘कोण बोललं?’ असं विचारलं नाही. ‘आधी एकीनं राहा’ असा उपदेशही केला नाही. सगळ्यांना बोलावून सांगितलं, सात माणसं तुम्हीच निवडा. ती नावं आपण भरभर वाचून पुढे जातो. मीही पन्नाशी उलटेपर्यंत तेच करायचो. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही ग्रीक नावं! शेवटचा निकलाव तर जन्मानं यहूदीही नव्हता, अंत्युखियाहून आलेला. आता ग्रीक नाव म्हणजे माणूस ग्रीकभाषिकच असं नाही, बारांमध्येही अंद्रिया आहे. पण सातांपैकी सात? ज्यांचं गाऱ्हाणं होतं त्यांच्याच हाती वाटणी दिली, असं मला वाटतं.

आपण बडोद्याचे मराठी ख्रिस्ती. सभांमधून गुजरातीच जास्त चालतं, आपल्या भजनांना कोण विचारतो, हे रडगाणं मीही गायलोय. पण आपल्याच मंडळीत मागच्या बाकांवर मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, कामाला आलेली झारखंडची कुटुंबं बसतात. हिंदी बोलतात. त्यांच्यापुढे आपण इब्री.

मी सात वर्षं खजिनदार होतो. नाताळात गरजू घरांना ब्लँकेटं वाटायची. कपाटाची चावी माझ्याकडे, यादीही माझीच. यादी म्हणजे शाळेची दोनशेपानी वही, दरवर्षी तिच्यातच पेन्सिलीनं खाडाखोड. एका वर्षी मागच्या बाकावरची एक म्हातारी दोन तास थांबून रिकाम्या हातानं गेली. यादीत तिचं नाव नव्हतं. माझा हिशेब चोख होता. जुन्या करारातल्या शमुवेल संदेष्ट्यानं लोकांसमोर उभं राहून विचारलं होतं, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं? तेवढं मीही छातीठोकपणे विचारलं असतं. पण ती म्हातारी मला ठाऊक नव्हती, आणि ज्यांना ती ठाऊक होती त्यांना कपाटाला हात लावायची मुभा नव्हती.

काही पाळक म्हणतात, प्रेषितांनीच सांगितलंय, पंक्तिसेवा, म्हणजे जेवण वाढणं, आमचं काम नाही. खरंय. पण मूळ ग्रीकमध्ये रोजच्या वाटणीला आणि वचनाच्या सेवेला शब्द एकच आहे, दियाकोनिया. आणि वाढायला नेमलेल्यांपैकीच स्तेफन पुढे दगडमारात मेला, फिलिप्प शोमरोनात सुवार्ता सांगायला गेला.

तर पुढच्या वर्षी मी ती वही त्या मागच्या बाकांवरच्याच एका बाईच्या हातात दिली. आमच्या पंचांपैकी दोघांना ते आवडलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही फार गोड वाटलं नाही. ती संध्याकाळी कामावरून सुटली की घरोघर फिरायची. पंधरा दिवसांनी वही परत आली. अकरा नवी नावं, आणि जुन्यांतली तीन खोडलेली. त्यातलं एक माझ्या सख्ख्या आत्याचं. आत्याच्या खाटेखाली आधीच्या वर्षांची चार ब्लँकेटं कोऱ्या घडीची निघाली होती.

आत्या अजून माझ्याशी धड बोलत नाही.